टीपीओ ॲट द रेट : सगळ्यांचा मेल आयडी आणि एक न पोचलेली लिंक

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नसेल, किंवा एसटीत ऐकता ऐकता नेटवर्क गेलं असेल, तर त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना मी दर दुसऱ्या वाक्याला ‘म्हणजे ना’ म्हणते. ते बरेचसे काढून टाकलेत. राहिले असतील ते चालवून घ्या.

आजचा विषय ऐकून तुम्ही थेट पुढच्या एपिसोडवर जाल अशी मला भीती आहे. विषय आहे डिपार्टमेंटचे सामाईक मेल आयडी. इन्फो ॲट द रेट अमुकतमुक. एचआर ॲट द रेट. ॲडमिन, अकाउंट्स, सपोर्ट. आणि कॉलेजवाल्यांच्या चांगल्या ओळखीचा टीपीओ ॲट द रेट, म्हणजे ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसरचा आयडी. हे आयडी एका माणसाचे नसतात, खात्याचे असतात. उघडणारे चार-पाच जण, आणि मालक असा कोणीच नाही.

दिसायला साधी गोष्ट आहे. पण या आयडींमुळे मेल अडकतात. आणि गंमत अशी की, ज्याचा त्या आयडीशी काडीचाही संबंध नाही अशा तिसऱ्याच माणसाचा मेल अडकू शकतो. हे मला पुस्तकातून कळलं नाही. एका सकाळी कळलं. तर आधी ती सकाळ सांगते, मग आतलं यंत्र उघडून बघू.

ती सकाळ

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. तेव्हा आमच्याकडे एक काम होतं, कॅम्पस भरतीसाठी ऑनलाइन परीक्षा घ्यायचं. कॉलेजांना कळवायचं, मुलांची नोंदणी घ्यायची, आणि परीक्षेच्या दिवशी सकाळी प्रत्येकाला त्याची स्वतःची लिंक मेलवर पाठवायची. लिंक आधी दिली तर ती व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते, म्हणून त्याच दिवशी सकाळी. मेल पाठवणारा सगळा भाग माझ्याकडे होता.

कॉलेजांना कळवण्यासाठी आमच्या सेल्सच्या दादानं मला एक एक्सेल शीट दिली. त्यात ६४० टीपीओ आयडी होते. कुठून आणले विचारलं, तर म्हणाला, ‘कॉलेजांच्या वेबसाइटवरून. सगळं पब्लिकच आहे गं.’ मला ते पटलं. खरं तर मी विचारच केला नाही. मुलांना लिंक जायची त्याच डोमेनवरून, त्याच खात्यातून मी या ६४० आयडींना मेल सोडले. दुसऱ्या दिवशी वरून एक रिमाइंडर.

परीक्षा सकाळी दहाची होती. सात वाजता लिंका सुटायला लागल्या आणि मी आंघोळीला गेले. सव्वासातला त्या थांबल्या. ज्या सेवेमार्फत आम्ही मेल पाठवायचो, तिनं आमचं खातं तात्पुरतं बंद केलं होतं. परत येणाऱ्या मेलचं प्रमाण आणि तक्रारींचं प्रमाण, दोन्ही मर्यादेबाहेर गेलं होतं. आमची चौकशी होईपर्यंत एकही मेल बाहेर जाणार नव्हता. तीनशेहून जास्त मुलांच्या लिंका रांगेत तशाच पडून राहिल्या. त्याची सूचना देणारा मेल मात्र आला होता. कुठे? आमच्या सपोर्ट ॲट द रेट वर. जो चार जण बघतात. म्हणजे त्या सकाळी कोणीच बघितला नाही.

नऊ वाजता फोन वाजला. लातूर जिल्ह्यातली एक मुलगी. ‘मॅडम, लिंक आलीच नाही. स्पॅममध्येपण बघितलं मी.’ गावात नेटवर्क धड नाही, म्हणून ती पहाटेच्या एसटीनं तालुक्याला मावशीकडे येऊन बसली होती. मी तिला म्हटलं, ‘पाच मिनिटांत येईल.’ खातं सुरू झालं दुपारी तीनला.

राहिलेल्या मुलांची फेरपरीक्षा आम्ही चार दिवसांनी घेतली. त्या दिवशी तिची कॉलेजची प्रॅक्टिकल होती. ती बसू शकली नाही. मी स्वतः फोन करून सॉरी म्हटलं, तर मलाच म्हणाली, ‘असू द्या मॅडम, पुढच्या वेळी बघू.’

आता बघा, या मुलीनं काय चुकवलं? काहीच नाही. तिचा जीमेल आयडी तिचा स्वतःचा. स्पेलिंग बरोबर. नोंदणी वेळेत. आणि तिची लिंक अडकली कशामुळे, तर राज्यभरातल्या सामाईक इनबॉक्सना मी विचार न करता मेल पाठवले म्हणून. हा संबंध कसा लागतो, तेच आज समजून घ्यायचंय.

मेलची पत

बीटेकला नेटवर्क्सच्या पेपरात मी एसएमटीपी प्रोटोकॉल शिकले होते. पाच मार्कांची आकृती. एक सर्व्हर दुसऱ्याला म्हणतो ‘नमस्कार’, दुसरा म्हणतो ‘बोला’, मेल सुपूर्द, काम संपलं. त्या आकृतीत एक गोष्ट नव्हती. समोरचा सर्व्हर मेल घ्यायचा की नाही, आणि घेतला तर इनबॉक्समध्ये टाकायचा की स्पॅममध्ये, हे पाठवणाऱ्याची पत बघून ठरवतो.

पत म्हणजे अगदी सिबिल स्कोअरसारखी भानगड. तुमच्या डोमेनचा आणि तुमचे मेल ज्या सर्व्हरवरून जातात त्याच्या आयपी पत्त्याचा मागचा इतिहास कसा आहे? किती मेल ‘असा पत्ताच नाही’ म्हणून परत आले? किती लोकांनी स्पॅमचं बटण दाबलं? किती जणांनी मेल उघडला, उत्तर दिलं? आणि सिबिलसारखंच, खराब व्हायला एक आठवडा पुरतो, सुधारायला कित्येक जातात.

मर्यादा किती कडक आहेत तेही ऐका. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. गूगलच्या हिशेबात, वैयक्तिक जीमेल खात्यांना दिवसाला ५००० च्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणारा म्हणजे मोठा प्रेषक. गूगल सांगतं, स्पॅमच्या तक्रारी ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ टक्क्यांपर्यंत कधीच जाऊ देऊ नका. ०.३ टक्के म्हणजे हजारात तीन! मेल पाठवणाऱ्या सेवांचेही स्वतःचे नियम असतात. ॲमेझॉनची एसईएस सेवा घ्या. तिथे ५ टक्के मेल परत आले तर खातं निगराणीखाली येतं, १० टक्के आले तर मेल पाठवणंच थांबवलं जाऊ शकतं. तक्रारींसाठी हेच आकडे ०.१ आणि ०.५ टक्के.

आमची शीट या हिशेबात घालून बघा. ६४० मेलपैकी फक्त दोन कॉलेजांत कोणीतरी स्पॅम दाबलं, तरी प्रमाण ०.३१ टक्के होतं. दोन माणसं, संपलं. आणि पत डोमेनची असते, एका मेलची नाही. म्हणून शिक्षा त्या जाहिरातवजा मेललाही होते आणि लातूरच्या मुलीच्या लिंकलाही. जामीनदारासारखं. कर्ज बुडवलं एकानं, नोटीस आली दुसऱ्याला.

आता प्रश्न असा की, सामाईक आयडींमुळेच हे जास्त का होतं? स्वतःच्या आयडीवरही लोक स्पॅम दाबतातच की. चार कारणं आहेत.

पहिलं : ‘हो’ म्हणालं कोण?

मेलचा सगळा व्यवहार संमतीवर चालतो. तुम्ही फॉर्म भरला, टिक केलं, मेल यायला लागले. उद्या मेल आला की तुम्हाला आठवतं, ‘हां, यांच्याकडे मी नाव दिलं होतं.’

टीपीओ ॲट द रेट कडून ‘हो’ कोण म्हणणार? समजा, टीपीओ सरांनी खरंच एखाद्या सेमिनारमध्ये आमच्या फॉर्मवर तो आयडी लिहून दिला. त्यांना आठवेल. पण मेल उघडणाऱ्या क्लार्कला काय माहीत? त्याच्या दृष्टीनं तो न मागता आलेला मेल. पुढच्या वर्षी सर बदलले की, तर मग आठवणारा माणूसच उरत नाही. आयडी तोच, संमती देणारा गेला.

बहुतेक वेळा तर संमती नसतेच. हे आयडी वेबसाइटवर उघडे असतात, आणि नसले तरी अंदाजानं कळतात. कुठल्याही कंपनीचं डोमेन घ्या आणि पुढे इन्फो किंवा ॲडमिन जोडा, पत्ता बरोबर निघायची शक्यता भरपूर. स्पॅम पाठवणारे वर्षानुवर्षं हेच करत आलेत. म्हणून एखाद्या यादीत असे आयडी भरपूर दिसले की मेल पाठवणाऱ्या सेवांना वाटतं, ही यादी लोकांनी नाव देऊन बनलेली नाही, कुठूनतरी गोळा केलेली आहे. काही सेवा तर यादी अपलोड करतानाच असे आयडी बाजूला काढतात. माझ्या शीटबद्दल त्यांचा अंदाज शंभर टक्के बरोबर ठरला असता.

दुसरं : एकाचं बोट, पाच जणांचं नुकसान

त्या प्रकारानंतर मी दहा-बारा कॉलेजांना फोन केले. एका ठिकाणच्या ऑफिसमधल्या काकांनी जे सांगितलं, ते मला कुठल्याच डॉक्युमेंटेशनमध्ये सापडलं नसतं. ‘मॅडम, तो आयडी सर बघतात, मी बघतो, एक लेक्चरर बघतात आणि दोन स्टुडंट कोऑर्डिनेटर. पासवर्ड कपाटाच्या आत चिकटवलाय. पोरं दरवर्षी बदलतात.’ मी विचारलं, आमचा मेल कोणी स्पॅम केला? काका हसले. ‘आता ते कसं कळणार?’

मुद्दा हाच. स्पॅमचं बटण कोणी दाबलं हे आत कोणाला कळत नाही आणि बाहेरही कळत नाही. पाच जण एकच इनबॉक्स बघत असतील, तर प्रत्येक मेलला बटणावर जाऊ शकणारी पाच बोटं असतात. त्यातल्या चौघांना मेल कामाचा वाटला तरी फरक पडत नाही. पाचव्यानं दाबलं की तक्रार नोंदली गेली.

अनसबस्क्राइबचंही तेच. एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब करण्याची पद्धत २०१७ च्या आरएफसी ८०५८ मध्ये ठरली. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेली कागदपत्रं. २०२४ पासून गूगलनं मोठ्या प्रेषकांना जाहिरातीच्या मेलमध्ये ही सोय सक्तीची केली, आणि विनंती दोन दिवसांत पाळायला सांगितलं. माणसासाठी हे छानच आहे. पण सामाईक इनबॉक्समध्ये? दुसऱ्या एका कॉलेजात एका कोऑर्डिनेटरनं ‘इनबॉक्स फार भरलाय’ म्हणून दिसेल तिथे अनसबस्क्राइब दाबत सुटला होता. आमच्या सिस्टिमनं इमानेइतबारे तो आयडी यादीतून काढला. त्या कॉलेजच्या सरांना पुढच्या परीक्षेचं कळलंच नाही. सर आम्हाला ओरडत होते की तुम्ही पाठवत नाही, आणि आम्ही म्हणत होतो, तुम्हीच नको म्हणालात. दोघंही खरं बोलत होतो.

तिसरं : कोणाचाच नसलेला डबा

स्वतःचा मेल आयडी बंद पडला तर तुम्ही त्याच दिवशी धावपळ करता. बँकेचा ओटीपी, ऑर्डरची माहिती, सगळं अडतं. खात्याचा आयडी बंद पडला तर प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल.

आपल्याकडे बऱ्याच छोट्या कॉलेजांचे, ऑफिसांचे सामाईक आयडी स्वतःच्या डोमेनवर नसतात, साध्या जीमेलवर असतात. तिथे तीन गोष्टी होतात. एक, फुकटची १५ जीबी जागा. ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात मिळून असते. कोणीतरी गॅदरिंगचे व्हिडिओ ड्राइव्हवर टाकतं, जागा भरते, आणि मेल येणं बंद होतं. दोन, रिकव्हरीचा मोबाइल नंबर कोणाचा? तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मॅडमचा. नव्या फोनवरून लॉगिन करायला गेलं की कोड त्यांच्याकडे जातो. मग कंटाळून नवा आयडी काढला जातो आणि वेबसाइटवर जुनाच राहतो. तीन, दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गूगल खातं गूगल डिलीट करू शकतं. हे धोरण २०२३ मध्ये जाहीर झालं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून लागू झालं.

तिन्हींचा शेवट एकच, मेल परत येतो. जागा भरली असेल तर ‘नंतर बघा’ असं उत्तर येऊ शकतं. खातंच नसेल तर ५५० चा कोड येतो, म्हणजे ‘असा पत्ता इथे नाही’. हा दुसरा प्रकार पतीला फार महागात पडतो, कारण खऱ्या ग्राहकांची, ताजी यादी असेल तर असे मेल फारसे परत यायला नकोत. ते ढिगानं परत आले याचा अर्थ यादी जुनी किंवा उचललेली.

त्याहून वाईट म्हणजे सापळे. मेल सेवा आणि स्पॅम रोखणाऱ्या संस्था काही पत्ते फक्त पाळतीसाठी ठेवतात. काही कधीच कोणाचे नसतात. काही पूर्वी खरे असतात, मग बंद पडतात, आणि बऱ्याच काळानं सापळा म्हणून पुन्हा जिवंत केले जातात. सापळ्याकडून मेल परत येत नाही. तो गुपचूप स्वीकारला जातो आणि तुमच्या नावावर लाल शेरा पडतो. वर्षानुवर्षं वेबसाइटवर उघडा असलेला, आत कोणी नसलेला खात्याचा आयडी हा अशा सापळ्यासाठी अगदी योग्य उमेदवार.

चौथं : फॉरवर्ड

हे जरा तांत्रिक आहे. सोसायटीचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा.

अनेक ठिकाणी टीपीओ किंवा एचआर हा खरा इनबॉक्स नसतोच. तो नुसता फॉरवर्डर असतो. आलेला मेल पाच जणांच्या वैयक्तिक आयडीवर पुढे ढकलतो. आता मेलच्या दुनियेत तपासणीच्या तीन पायऱ्या असतात. पहिली एसपीएफ. म्हणजे वॉचमनकडची यादी, अमुक कंपनीचं पार्सल फक्त या या डिलिव्हरीवाल्यांनी आणलं तरच खरं. दुसरी डीकेआयएम. म्हणजे पार्सलवरचं सील, फोडलं तर लगेच कळतं. तिसरी डीमार्क. म्हणजे कंपनीनं वॉचमनला देऊन ठेवलेली सूचना, यादीही जुळली नाही आणि सीलही जुळलं नाही तर पार्सल आत घ्यायचं, बाजूला ठेवायचं की परत पाठवायचं.

शेजारचे काका तुमचं पार्सल घेऊन आले. काका भले माणूस, पण यादीत नाव नाही. एसपीएफ फेल. ठीक आहे, सील शाबूत असेल तर वॉचमन सोडेल. पण काकांनी मदत म्हणून पार्सलवर ‘टीपीओ विभाग’ असा स्टिकर लावला, खाली चार ओळी जोडल्या. सील तुटलं. आता कंपनीची सूचना ‘परत पाठवा’ अशी असेल, तर खरं पार्सल दारातून परत.

ग्रुप मेलमध्ये विषयाच्या आधी ग्रुपचं नाव चिकटवलं जातं किंवा खाली तळटीप जोडली जाते, तेव्हा अगदी हेच होतं. एप्रिल २०१४ मध्ये याहूनं स्वतःच्या डोमेनसाठी डीमार्कची सूचना ‘परत पाठवा’ अशी केली, तेव्हा जगभरातल्या मेलिंग लिस्टवर याहूवाल्यांचे मेल परत यायला लागले होते. तेव्हापासून बऱ्याच ग्रुप सेवा मेल पुढे पाठवताना प्रेषकाचा पत्ता बदलतात. पण कोणी साध्या सर्व्हरवर हातानं फॉरवर्ड लावून ठेवलं असेल, तर हा त्रास आजही होतो.

आणि फॉरवर्डमधून आलेल्या कचऱ्यावर लोक स्पॅम दाबतात, तेव्हा डाग फॉरवर्ड करणाऱ्या सर्व्हरलाही लागतो. म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या डोमेनची पत जाते. मग कॉलेजनं पालकांना पाठवलेला फीचा मेल स्पॅममध्ये. आपल्याच पायावर आपण मारलेला धोंडा!

मग हे आयडी बंदच करायचे का?

नाही. थांबा. त्यांचा उपयोग खरा आहे. माणसं बदलतात, पत्ता टिकतो. ग्राहकाला तक्रार करायची तर नाव माहीत नसतानाही सपोर्टला लिहिता येतं. मे १९९७ मध्ये आरएफसी २१४२ आला, त्यात इन्फो, सेल्स, सपोर्ट, ॲब्यूज, वेबमास्टर अशा ठरलेल्या नावांची यादीच दिली आहे. पोस्टमास्टर हा आयडी तर मेल स्वीकारणाऱ्या प्रत्येक डोमेनवर चालू असलाच पाहिजे असा नियम आहे. स्पॅमची तक्रार घ्यायला ॲब्यूज लागतो.

म्हणजे हे आयडी आहेत दारावरच्या बेलसारखे. बाहेरच्यानं काही काम असेल तेव्हा वाजवायची. आम्ही काय केलं, ६४० घरांच्या बेल एकदम वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. चूक बेलची नाही.

आता काय करायचं

मेल पाठवणाऱ्यांसाठी, म्हणजे स्टार्टअपवाले, फेस्टवाले, न्यूजलेटरवाले:

एक, खात्याच्या आयडीला एकाच कामाचा, एकाच वेळेचा मेल पाठवायला हरकत नाही. बिल, उत्तर, मागितलेली माहिती. पण तो आयडी एकगठ्ठा पाठवायच्या यादीत घालू नका. फॉर्ममध्ये कोणी इन्फो किंवा ॲडमिन लिहिलं तर तिथेच विचारा, ‘तुमचा स्वतःचा ऑफिसचा आयडी द्याल का?’ बहुतेक लोक देतात.

दोन, नाव नोंदवल्यावर खात्री करणारा मेल पाठवा. त्यातल्या लिंकवर क्लिक केल्याशिवाय यादीत घेऊ नका.

तीन, जीव की प्राण असलेले मेल आणि जाहिरातीचे मेल वेगळे ठेवा. ओटीपी, परीक्षेची लिंक, पावती एका सबडोमेनवरून, बाकी सगळं दुसऱ्यावरून. जमलं तर खातीही वेगळी. पत बऱ्याच अंशी वेगळी राहते. मी एवढं एकच केलं असतं तरी त्या मुलीची लिंक गेली असती.

चार, ५५० आला की तो आयडी त्याच क्षणी यादीतून काढा. ‘परत एकदा बघू’ नाही.

खातं चालवणाऱ्यांसाठी, म्हणजे कॉलेजचे कोऑर्डिनेटर, ऑफिसमधले नवे जॉइन झालेले:

सामाईक पासवर्ड नको. शेअर्ड मेलबॉक्स किंवा ग्रुप इनबॉक्स लावा, ज्यात प्रत्येक जण आपापल्या लॉगिननं आत येतो आणि कोणी काय केलं ते शोधता येतं. एका माणसाला जबाबदार नेमा, त्याचं नाव कागदावर लिहा. माणूस बदलला की रिकव्हरी नंबर त्याच दिवशी बदला. आणि आपसात एक नियम करा: स्पॅम आणि अनसबस्क्राइब दाबायचं ते फक्त त्या जबाबदार माणसानं. बाकीच्यांनी नको असलेला मेल नुसता आर्काइव्ह करायचा.

आणि तुमच्या-माझ्यासाठी:

कुठल्याही भरतीच्या, परीक्षेच्या, स्कॉलरशिपच्या फॉर्मवर वर्गाचा, क्लबचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा आयडी देऊ नका. स्वतःचा द्या. महत्त्वाचा मेल स्पॅममध्ये सापडला तर नुसता वाचून सोडू नका, ‘स्पॅम नाही’ दाबा. आणि ज्या न्यूजलेटरला स्वतःच नाव दिलंय त्याचा कंटाळा आला तर अनसबस्क्राइब दाबा, स्पॅम नको. स्पॅम खऱ्या लफंग्यांसाठी राखून ठेवा. तुमच्या त्या एका क्लिकमागे दुसऱ्या कोणाची तरी लिंक अडकलेली असू शकते.

शेवटी

आमच्याकडे आता लिंका आदल्या रात्रीच जातात. लिंक उघडते मात्र परीक्षेच्या वेळेलाच, त्यामुळे ती ग्रुपवर फिरली तरी बिघडत नाही. सोबत एसएमएस जातो. त्यांचं सबडोमेन वेगळं आहे, आणि खातं बंद पडल्याची सूचना सपोर्ट ॲट द रेट वर न येता ज्याची ड्यूटी आहे त्याच्या फोनवर वाजते. ती ६४० ची शीट मी डिलीट केली. सेल्सचा दादा थोडा रागावला. मग मी त्याला त्या फोनबद्दल सांगितलं, आणि पुढच्या वेळी त्यानं पन्नास कॉलेजांना स्वतः फोन करून नावानिशी आयडी गोळा केले. पन्नासच. पण त्यातल्या बऱ्याच जणांनी मेलला उत्तर दिलं.

ती मुलगी ‘असू द्या’ म्हणाली होती. ती रागावली असती तर मी कदाचित विसरून गेले असते.

तर आज घरी, कॉलेजात, ऑफिसात एक काम करा. तुमच्या खात्याचा आयडी कोण बघतं ते विचारा. उत्तरात एका माणसाचं नाव आलं तर उत्तम. ‘आम्ही सगळेच बघतो’ असं आलं, तर हा एपिसोड त्यांना पाठवा. शक्यतो त्यांच्या स्वतःच्या नंबरवर!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर इनबॉक्स सांभाळा.